ट्रॅक स्प्रिंटसाठी हँडलची रुंदी: आधी कोपरांमधले अंतर मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंदूरच्या, वय 19, उंची 163 सेंटिमीटर, खांद्यांची रुंदी 36 सेंटिमीटर. ट्रॅकच्या सायकलवर सध्या रस्त्याच्या सायकलचे जुने 40 सेंटिमीटरचे हँडल बसवलेले आहे. फ्लाइंग 200 मीटरला (आधीच वेग घेऊन मारायच्या, फक्त वेळ मोजल्या जाणाऱ्या 200 मीटरला) तुम्हाला 12 सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि निवड चाचणीत तुम्हाला टीम स्प्रिंटची, म्हणजे संघातल्या मुली एकामागून एक ट्रॅकची एकेक फेरी ओढतात त्या शर्यतीची, पहिली फेरी देण्याचाही विचार चालू आहे. बरोबरच्या मुली 33 चे हँडल घ्यायला सांगतात, तुमचे प्रशिक्षक 38 च्या खाली जाऊ नका म्हणतात, आणि घरून पैसे एकाच हँडलपुरते मिळणार आहेत.

मी इंदूरमध्ये 20 वर्षांपासून स्प्रिंटच्या मुलामुलींना शिकवतो आणि त्यांच्या सायकली स्वतःच्या हाताने बसवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न 33 की 38 हा नाही. हँडल तुमचे हात कुठे असावेत हे ठरवते. वाऱ्याला मात्र हातांशी फारसे देणेघेणे नसते, त्याला तुमची कोपरे, खांदे आणि डोके लागते. म्हणून कोणत्या रुंदीवर तुमची कोपरे खरोखर आत येतात, आणि त्याच रुंदीवर उभ्याने, म्हणजे जागेवरून पेडलांवर उभे राहून, सुटताना सायकल तुमच्या ताब्यात राहते का, हे दोन प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. त्यांची उत्तरे बरेचदा उलट दिशेला ओढतात, आणि म्हणूनच तुमच्या मैत्रिणी आणि तुमचे प्रशिक्षक वेगवेगळे आकडे सांगत असूनही दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असू शकते.

त्याआधी मोजमापाचा घोळ सोडवू. हँडलची रुंदी कोणी नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो, तर कोणी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. नळी साधारण 24 मिलिमीटर जाड असते, म्हणजे एकच हँडल एका पद्धतीने 33 भरते आणि दुसऱ्या पद्धतीने 35.4. शिवाय काही हँडले वर अरुंद आणि खाली, जिथे ड्रॉप (हँडलचा खाली वळलेला भाग) संपतो तिथे, रुंद असतात. स्प्रिंटमध्ये तुमचे हात कायम ड्रॉपमध्ये असल्यामुळे वरचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तुमच्या मैत्रिणींच्या 33 मध्ये आणि प्रशिक्षकांच्या 38 मध्ये खरे अंतर 5 सेंटिमीटरचे आहे की अडीच, हे टेप लावून पाहिल्याशिवाय कळणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वादांचा निकाल इथेच लागतो. यापुढे मी जिथे आकडा देईन तो ड्रॉपच्या टोकांवर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेला आहे असे समजा.

नियमाचेही पाहून ठेवा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, 2023 पासून हँडलची बाहेर-ते-बाहेर रुंदी किमान 350 मिलिमीटर असावी असे ठरवले. त्यामुळे 33 चे हँडल नियमात बसते, पण जेमतेम. हाताने वाकवलेल्या स्वस्त हँडलमध्ये 4-5 मिलिमीटरचा फरक सहज निघतो आणि मग तपासणीच्या टेबलावर सायकल अडते. तेच हँडल रस्त्याच्या शर्यतीलाही वापरू असा विचार असेल तर तो सोडा, कारण एकत्र सुटणाऱ्या रस्त्याच्या शर्यतींसाठी 2026 पासून 400 मिलिमीटरची अट आहे. हे नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत, म्हणून खरेदीपूर्वी तुमच्या स्पर्धेचे त्या वर्षीचे तांत्रिक पत्रक अवश्य वाचा.

आता वाऱ्याकडे येऊ. सपाट ट्रॅकवर 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्या हवेला अडवणारा मोठा भाग सायकलीचा नसून माणसाचा असतो. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यावहारिक अर्थ असा की तेवढ्याच ताकदीत हवेचा रोध 3 टक्क्यांनी कमी झाला तर वेग साधारण 1 टक्क्याने वाढतो. 1 टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण 200 मीटरमध्ये तो 2 मीटर होतो, म्हणजे एका सायकलीच्या लांबीपेक्षा जास्त. प्रत्यक्षात फायदा याहून थोडा कमी मिळतो, कारण फ्लाइंग 200 मध्ये तुम्ही बँकिंगच्या (ट्रॅकच्या तिरक्या उताराच्या) उंचीवरून खाली येताना वेग गोळा केलेला असतो आणि पुढे तो टिकवत असता. तरीही पात्रता फेरीतील दोन-तीन क्रमांकांचा फरक एवढ्यात पडतो.

मोठ्या खेळाडूंची छायाचित्रे पाहून अरुंद हँडल घेण्याचा मोह होतो, तो मी समजू शकतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरायसनने फ्लाइंग 200 मीटर 9.088 सेकंदांत मारले, म्हणजे ताशी 79 किलोमीटरहून थोडा जास्त वेग. तुमच्या 60 च्या तुलनेत त्याला हवेसाठी सुमारे 2.3 पट शक्ती खर्चावी लागते. यावरून काही जण म्हणतात की अरुंद हँडलचा फायदा फक्त अशा वेगाला होतो, आणि ते बरोबर नाही. वॉटमध्ये त्याची बचत मोठी, पण वेळेची टक्केवारी पाहिली तर तुम्हालाही जवळजवळ तेवढाच फायदा आहे. फरक आहे तो पाठीचा आणि हातांचा: त्या अरुंद हँडलवर उभ्याने सुटताना जी ओढ सांभाळावी लागते ती सांभाळणारे शरीर त्याने कित्येक वर्षांच्या वजनाच्या सरावाने घडवले आहे.

आणि इथेच कोपरांचा मुद्दा येतो. हँडल अरुंद केले की कोपरे आपोआप आत येतात असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीतक माझ्यासमोर अनेकदा खोटे ठरले आहे. माझ्याकडे एक मुलगी होती, तुमच्याच बांध्याची. तिला 40 वरून 37 वर आणले तेव्हा दोन्ही कोपरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर 46 वरून 42 झाले, डोके खांद्यांच्या रेषेत खाली गेले, आणि पाठीचा उंचवटा सपाट दिसू लागला. उत्साहात आम्ही तिला उसने आणलेले 33 चे हँडल लावून पाहिले, तर कोपरे पुन्हा 45 वर! पहिल्यांदा मला टेप चुकला असे वाटले. मग समोर बसून नीट पाहिल्यावर कारण दिसले: हात इतके जवळ आल्यावर तिचे वाकलेले कोपर वर येणाऱ्या गुडघ्याला घासत होते, आणि गुडघ्याला वाट देण्यासाठी ती प्रत्येक फेऱ्याला नकळत कोपरे बाहेर फेकत होती. मनगटेही आत मोडलेली होती. म्हणजे हँडलवर पैसे खर्चून आम्ही 3 सेंटिमीटर परत गमावले होते, आणि हे मागून किंवा बाजूने पाहणाऱ्याला कधीच कळले नसते.

आता दुसरी बाजू, सुटण्याची. टीम स्प्रिंटमध्ये पहिली सायकलपटू जागेवरून सुटते, एक फेरी ओढते आणि वर निघून जाते. तिचे काम म्हणजे जवळजवळ सगळे सुटणेच. गेटमधून (सुटेपर्यंत सायकल मागून धरून ठेवणाऱ्या यंत्रातून) निघताना पहिल्या चार-पाच पेडलांवर तुम्ही स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर देता, तेव्हा हातांना दोन कामे करावी लागतात. पहिले, शरीर वर उचलले जाऊ नये म्हणून हँडल वर ओढून धरणे. याचा रुंदीशी संबंध नाही. दुसरे, उजव्या पेडलवर जोर पडला की सायकल उजवीकडे कलू पाहते, ती कलू नये म्हणून उजव्या हाताने वर ओढणे आणि डाव्याने खाली दाबणे. याचा मात्र रुंदीशी थेट संबंध आहे. पेडल मध्यरेषेपासून जितके बाहेर असते तितकेच राहते, हात मात्र आत येतात, आणि तरफ आखूड झाली की तेवढ्याच कामाला जास्त बळ लागते. साधा हिशेब केला तर 40 वरून 36 वर आल्यावर या कामासाठी हातांना सुमारे नवव्या हिश्शाने, आणि 33 वर आल्यावर सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त बळ लावावे लागते. प्रत्यक्षात सायकल थोडी हेलकावू देऊन यातला काही भाग आपण चुकवतो, पण दिशा हीच आहे. जिथे हे बळ कमी पडते तिथे सायकल नागमोडी जाते, आणि पायांत असलेली ताकद पेडलपर्यंत पोहोचत नाही कारण वरचे शरीर ती धरून ठेवू शकत नाही.

ही गोष्ट मी एका मुलाच्या दुखापतीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका चांगल्या मुलाला मी स्पर्धेच्या 10 दिवस आधी 40 वरून थेट 34 वर आणले, कारण फ्लाइंगच्या वेळा लगेच सुधारल्या होत्या आणि त्या आकड्यांनी माझे समाधान झाले. उभ्याने सुटण्याचा सराव आम्ही नव्या हँडलवर जेमतेम दोनदा केला. स्पर्धेत दुसऱ्याच पेडलला त्याचे मनगट हँडलच्या वरच्या वळणावर आपटले, पकड सुटली आणि तो गेटपासून 2 मीटरवर पडला. गळपट्टीचे हाड वाचले, हंगाम गेला. तो निर्णय माझा होता आणि घाईचा होता. तेव्हापासून माझा नियम आहे की हँडल एका वेळी 2, फार तर 4 सेंटिमीटर बदलायचे, आणि महत्त्वाच्या स्पर्धेच्या किमान 6 आठवडे आधी.

त्या मुलाचे मनगट आपटले त्याला रुंदीइतकाच हँडलचा आकारही कारण होता. रस्त्याच्या हँडलचा वरचा भाग आडवा सरळ जातो आणि मग एकदम वळतो. उभ्याने ओढताना हाताचा आतला भाग तिथे लागतो. ट्रॅक स्प्रिंटचे हँडल मध्यापासूनच उतरत्या खांद्यांसारखे खाली झुकत जाते, म्हणून हाताला जागा मिळते. जपानी कैरिनमध्ये (घोळक्याने धावायच्या ट्रॅक शर्यतीत) वापरली जाणारी पोलादी हँडले याच घडणीची असतात. तुम्हाला 36 चे आडव्या वळणाचे आणि 37 चे उतरत्या खांद्यांचे अशी दोन हँडले मिळत असतील तर मी डोळे मिटून दुसरे घेईन.

मॅच स्प्रिंट (दोघींची समोरासमोरची शर्यत) आणि कैरिनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमचा मुख्य पेच तिथे नाही. मॅच स्प्रिंटमध्ये हळू चालताना, जागेवर तोल धरताना आणि बँकिंगवरून अचानक खाली झेपावताना फार अरुंद हँडल चंचल वाटते, कारण हात थोडासा हलला तरी चाक जास्त वळते. कैरिनमध्ये खांद्याला खांदा लागतो. दोन्हींची सवय होते, साधारण महिन्याभरात. श्वासाची काळजी मात्र करू नका. अरुंद हँडलने छाती दबते ही तक्रार लांब पल्ल्याच्या पर्स्यूट शर्यतीत ऐकण्यासारखी आहे, 12 सेकंदांच्या कामात तिला फारसा अर्थ नाही.

स्टेमचा, म्हणजे हँडल सायकलीला जोडणाऱ्या तुकड्याचा, विचार रुंदीबरोबरच करावा लागतो. हात आत आले की कोपर आणि गुडघा एकाच जागेसाठी भांडू लागतात, आणि त्यावरचा उपाय बहुधा 1 ते 2 सेंटिमीटर लांब स्टेम हाच असतो. हात पुढे गेले की गुडघ्याला मागे वाट मिळते, शिवाय लांब स्टेममुळे वळणे थोडे शांत होते. स्टेम हँडलपेक्षा स्वस्त असते, म्हणून पैशांची विभागणी करताना तेही धरून ठेवा.

आता तुम्ही स्वतः काय करू शकता ते सांगतो. सायकल घरात ट्रेनरवर (जागेवरच पेडल मारण्याच्या स्टँडवर) लावा, शर्यतीचाच पोशाख आणि हेल्मेट घाला, आणि शेवटच्या 100 मीटरमध्ये जशी बसता तशी बसून जोरात पेडल मारा. दुसऱ्या कोणीतरी, घरातले कोणीही चालेल, समोरून टेप धरून कोपरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजावे, आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला मोजावे, कारण पहिल्या सेकंदाला सगळेच नीट बसतात. समोरून मोबाइलवर चित्रण करून गुडघा कोपराच्या किती जवळून जातो तेही पाहा. मग दिल्लीच्या शिबिरात मैत्रिणीचे 33 चे हँडल आणि शक्य झाल्यास कोणाचे तरी 36-37 चे, प्रत्येकी एका सत्रासाठी मागून घ्या. तिथला 250 मीटरचा लाकडी ट्रॅक बंदिस्त आहे, वारा नाही, त्यामुळे तुलना प्रामाणिक होते. तुलना करताना आधी जुने हँडल, मग नवे, मग पुन्हा नवे, आणि शेवटी जुने अशा क्रमाने चार फेऱ्या घ्या, म्हणजे थकव्याचा दोष एकाच हँडलच्या माथी बसणार नाही. गिअर आणि टायरमधली हवा तीच ठेवा. फ्लाइंगबरोबर सुटण्याचीही तुलना तितक्याच काळजीने करा: पहिल्या 15 मीटरवर खडूची रेघ ओढून मोबाइलच्या संथ चित्रणावरून वेळ काढता येतो, आणि त्याच चित्रणात पुढचे चाक रेषेवरून किती हलते तेही दिसते.

एक कळकळीची विनंती: हा प्रयोग इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर करू नका, पहाटे रस्ता मोकळा दिसला तरीही. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि नव्या हँडलवर तुमचा हात अजून बसलेला नसतो. सुटण्याचा सराव एखाद्या बंद आवारातल्या सिमेंटच्या पट्ट्यावर, मागून कोणीतरी सायकल धरून, चांगला होतो.

तरीही आकडा मागितलात तर आजच्या माहितीवर मी 36 म्हणेन, उतरत्या खांद्यांचे. तुमचे खांदे 36 आहेत म्हणून नव्हे. खांद्यांइतके हँडल हा रस्त्याच्या सायकलीचा जुना ठोकताळा आहे आणि स्प्रिंटमध्ये त्याला मी फक्त सुरुवातीचा अंदाज मानतो. 36 म्हणतो ते यासाठी की 40 वरून एका टप्प्यात एवढेच खाली येणे मला सुरक्षित वाटते, कोपरे आत यायला एवढे पुरते, आणि पहिल्या फेरीची जबाबदारी तुमच्यावर आली तर तरफ फार आखूड झालेली नसेल. टीम स्प्रिंटमधून तुमचे नाव निघाले आणि फक्त मॅच स्प्रिंट आणि कैरिन राहिले, तर 34-35 चा विचार मी मोकळेपणाने करेन. 33 आज नाही. तुमच्या प्रशिक्षकांच्या 38 मागची काळजी खरी आहे आणि ती त्यांना तशी बोलून दाखवा. पण 40 वरून 38 वर येऊन कोपरांत फारसा फरक पडणार नाही, आणि एकाच हँडलचे पैसे असताना तो खर्च मला जड वाटतो. तुम्ही 16 वर्षांच्या असता तर सांगितले असते की खांदे अजून भरायचे आहेत, वर्षभर उसन्या हँडलवर काढा.

जुने हँडल घेणार असाल तर त्याचा मधला, स्टेममध्ये धरला जाणारा भाग किती जाड आहे ते कॅलिपरने मोजा. तो 25.4, 26.0 किंवा 31.8 मिलिमीटर असतो, आणि 25.4 चे हँडल 26.0 च्या स्टेममध्ये आवळून बसवले की ते बसल्यासारखे दिसते पण जोराच्या ओढीला फिरते. हँडलवर गुंडाळलेला पकडीचा टेप पूर्ण उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या उन्हाळ्यात एका मुलाने आणलेल्या हँडलवरचा टेप मी सोडवला, तर घामाने खाल्लेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी टेबलावर सांडली, आणि स्टेमच्या कडेलगत नखाला लागेल न लागेल अशी केसासारखी रेघ निघाली. कपड्याने पुसून त्यावर थोडे तेल लावले आणि पुन्हा पुसले, तेव्हा ती रेघ काळी होऊन स्पष्ट दिसली. ते हँडल आम्ही तिथेच करवतीने कापून टाकले, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती जायला नको. नवे हँडल कार्बनचे असेल तर स्क्रू टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा आणि हँडलवर छापलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका.

तुमचे 40 चे हँडल विकू नका. सुटण्याच्या तुलनेसाठी ते पुढचे सहा महिने लागेल. ट्रेनरवरचे कोपरांचे अंतर, सध्याच्या स्टेमची लांबी आणि कोपर-गुडघ्यामधली मोकळी जागा हे तीन आकडे कळवलेत, तर 36 बरोबर किती लांबीचे स्टेम लागेल ते नेमके सांगता येईल.